वीतभर मिग : एका प्रतिकृतीची घडण

चंडीगडच्या हवाई तळावर २६ सप्टेंबर २०२५ रोजी भारतीय हवाई दलाने मिग-२१ या लढाऊ विमानाला अखेरचा निरोप दिला. १९६३ साली याच चंडीगडला, २८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये हे विमान प्रथम दाखल झाले होते. मधल्या बासष्ट वर्षांत हवाई दलाने ८७० हून अधिक मिग-२१ विमाने वापरली आणि त्यांतील साडेसहाशेच्या वर हिंदुस्थान एरोनॉटिक्सने भारतात बांधली. त्यांची अंतिम जुळणी नाशिकजवळच्या ओझर येथे होत असे. आता हे विमान चबुतऱ्यांवर, संग्रहालयांत आणि छायाचित्रांत उरले आहे. या तिघांच्या आधाराने ते आणखी एका ठिकाणी पुन्हा उभे राहते, ते म्हणजे हौशी प्रतिकृतीकारांच्या टेबलावर.

प्लास्टिकच्या सुट्या भागांचा संच आणून विमान जोडणे हा मुलांचा खेळ आहे, असा एक समज आहे. संचातील भाग चिकटवून वर रंग दिला की झाले, एवढाच हेतू असेल तर तो समज खराही आहे. परंतु प्रमाणबद्ध प्रतिकृती, ज्याला इंग्रजीवरून आपणही 'स्केल मॉडेल' म्हणतो, ती निराळी गोष्ट आहे. अशी प्रतिकृती नुसत्या 'मिग-२१'ची नसते. ती अमुक क्रमांकाच्या, अमुक स्क्वॉड्रनच्या आणि अमुक सुमाराच्या एका विमानाची असते. ही निवड पक्की झाली की शेपटीचा आकार, काचेचे आवरण, पंखाखालची शस्त्रे, रंगाची प्रत हे सारे त्या निवडीतून ठरत जाते. ती न करता काम सुरू केले तर वेगवेगळ्या काळांतील चार विमानांचे तुकडे एकत्र आलेले, प्रत्यक्षात कधीच न उडालेले एक विमान तयार होते.

प्रमाणाचे गणित

विमानांच्या प्रतिकृतींत १:७२, १:४८ आणि १:३२ ही प्रमाणे रूढ आहेत. यांपैकी पहिले सर्वांत जुने व लोकप्रिय होय. ७२ हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे फूट-इंचांचा सरळ हिशेब आहे. खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे प्रतिकृतीतला एक इंच, म्हणजेच सहा फूट उंचीचा वैमानिक एक इंचाचा. १९३०च्या दशकात ब्रिटनमध्ये लाकडी 'स्कायबर्ड्स' संचांनी हे प्रमाण रूढ केले आणि १९३६ मध्ये 'फ्रॉग पेंग्विन' या नावाने त्याच प्रमाणात प्लास्टिकचे संच निघाले. दुसऱ्या महायुद्धात या छंदाला अनपेक्षित कामगिरी मिळाली. आकाशातले विमान शत्रूचे की आपले, हे ओळखण्याच्या शिक्षणासाठी अमेरिकेच्या नौदलाने १९४२ साली शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी प्रतिकृती मागविल्या. त्यांचे प्रमाणही १:७२ हेच होते. या प्रमाणातली प्रतिकृती पस्तीस फुटांवरून पाहिली की खरे विमान सुमारे अर्ध्या मैलावरून जेवढे दिसेल तेवढी ती दिसते.

मिग-२१ च्या पंखांचा विस्तार सुमारे ७.१५ मीटर. म्हणजे १:७२ मध्ये तो दहा सेंटिमीटरला जेमतेम टेकतो, १:४८ मध्ये पंधरा सेंटिमीटर होतो आणि १:३२ मध्ये सव्वाबावीस सेंटिमीटरच्या वर जातो. पहिल्या प्रमाणात विमानाची लांबी साधारण एक वीत भरते. या प्रमाणात चेक प्रजासत्ताकातील एडुआर्ड, जपानची फुजिमी, रशियाची झ्वेझ्दा अशा अनेक कंपन्यांनी मिग-२१ चे संच काढले आहेत. एडुआर्डने २०११ पासून १:४८ मध्ये आणि २०१८ पासून १:७२ मध्ये काढलेल्या मालिकांनी या विमानाच्या प्रतिकृतींची पातळी उंचावली, यात शंका नाही. तरीही कोणताही संच डोळे मिटून विश्वास ठेवण्याजोगा नसतो. भारतीय मिगच्या बाबतीत तर नसतोच.

कोणता मिग?

भारताने मिग-२१ चे अनेक अवतार वापरले आणि लांबून सारखे दिसणारे हे अवतार जवळून बरेच वेगळे आहेत. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून भारतात मोठ्या संख्येने बांधला गेला तो 'एफएल' किंवा 'टाइप ७७'. १९७१ च्या युद्धात लढला तो मुख्यतः हाच. त्यानंतर सत्तरच्या दशकात 'एम' म्हणजे 'टाइप ९६', मग 'बिस' म्हणजे 'टाइप ७५', आणि पुढे बिसचे आधुनिकीकरण करून सुमारे सव्वाशे विमानांचा 'बायसन' झाला. २०२५ मध्ये निवृत्त झाले ते बायसन. एफएलची निवृत्ती त्याआधीच, डिसेंबर २०१३ मध्ये कलाईकुंडा येथे झाली होती.

ओळखीची पहिली खूण वैमानिकाच्या डोक्यावर आहे. एफएलमध्ये समोरची काच आणि वरचे आवरण हा एकच भाग असून तो पुढच्या बाजूला बिजागरीवर उचलला जातो. विमान उभे असताना ते आवरण मगरीच्या जबड्यासारखे पुढे उघडलेले दिसते. एम आणि बिसमध्ये समोरची काच जागेवर राहते आणि फक्त मागचे आवरण उजवीकडे कलते. बायसनमध्ये समोरच्या काचेतील आडव्यातिडव्या पट्ट्या नाहीशा होऊन ती एकसंध झाली. म्हणजे आवरण उघडे ठेवून कॉकपिट दाखवायचे, एवढा साधा निर्णयसुद्धा विमानाच्या जातीप्रमाणे बदलतो.

दुसरी खूण नाकावर आहे. हवेचा वेग मोजणारी लांब नळी, पिटो नळी, एफएलमध्ये नाकाच्या वर अगदी मध्यभागी असते, तर एम व बिसमध्ये ती उजवीकडे सरकलेली असते. तिसरी खूण पाठीवर. एफएलचा कणा सडपातळ, तर एमपासून तो कॉकपिटमागे उंच आणि भरदार होत गेलेला. चौथी पोटावर. एफएलच्या अंगात तोफ नव्हती. ती हवी असेल तर २३ मिलिमीटरच्या दुनळी तोफेचा 'जीपी-९' हा डबा पोटाखाली लावावा लागे आणि मग तेथे जादा इंधनाची टाकी लावता येत नसे. एममध्ये तोफ शरीरातच बसविली गेली आणि पंखांखालच्या शस्त्रधारकांची संख्या दोनवरून चार झाली.

एफएलचा खरा पेच शेपटीत आहे. हे विमान मुळात 'पीएफ' या सोव्हिएत प्रकारावरून बेतलेले, परंतु त्याची उभी शेपटी मात्र नंतरच्या प्रकारांप्रमाणे रुंद आहे. सुरुवातीच्या पीएफची शेपटी अरुंद होती. त्यामुळे 'पीएफ' असे छापलेला प्रत्येक संच भारतीय एफएलसाठी चालेलच असे नाही. खोक्यावरच्या चित्राकडे न पाहता आतील भाग काढून शेपटीची रुंदी तपासावी. ती अरुंद निघाली तर रुंद शेपटीच्या दुसऱ्या संचातील भाग उसना घ्यावा लागतो आणि पुढचे आवरण मात्र पीएफचेच ठेवावे लागते. अशा संकरातूनच खरा एफएल हाती येतो.

पुरावा आणि त्याचे फसवेपण

या ठिकाणी प्रतिकृतीकाराचे काम इतिहासकाराच्या कामाजवळ जाते. विमानाचा क्रमांक हा पहिला धागा. मिग-२१ लढाऊ विमानांचे क्रमांक 'सी' या अक्षराने, दोन आसनी प्रशिक्षण विमानांचे 'यू'ने, तर बायसनचे 'सीयू' या जोडीने सुरू होत. एका क्रमांकाची एकाहून अधिक छायाचित्रे मिळाली, विशेषतः डावी आणि उजवी अशा दोन्ही बाजूंची, तर भाग्यच म्हणायचे. कारण रंगपट्ट्यांची एका बाजूची मांडणी दुसऱ्या बाजूला लागू होत नाही.

छायाचित्रातील रंगावर मात्र भिस्त ठेवू नये. सत्तरच्या दशकातील रंगीत फिल्म आणि तिच्यावरून काढलेल्या प्रती वर्षानुवर्षांत तांबूस होत जातात आणि हिरवा रंग तपकिरी भासू लागतो. कृष्णधवल छायाचित्र याबाबतीत अधिक प्रामाणिक असते. ते रंग सांगत नाही, पण गडद-फिक्याचा फरक नेमका दाखवते. चबुतऱ्यावर चढविलेले किंवा संग्रहालयात ठेवलेले विमान तर आणखी फसवे. आकार, खिळ्यांच्या रांगा, चाकांच्या खाचा, झाकणांची जागा यांसाठी त्याच्यासारखा गुरू नाही. परंतु त्याला सेवेनंतर नव्याने, आणि बहुधा चकचकीत, रंग दिलेला असतो. शस्त्रधारक काढलेले असतात, हवेची तोंडे बंद केलेली असतात आणि चाके दुसऱ्याच विमानाची असू शकतात. मोजमापासाठी संग्रहालयात जावे आणि रंगासाठी सेवेतील छायाचित्राकडे, हे धोरण सर्वांत सुरक्षित.

१४ डिसेंबर १९७१ चे उदाहरण घेता येईल. त्या दिवशी २८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनच्या चार मिगांनी गुवाहाटीहून उड्डाण करून ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला केला. विंग कमांडर बी. के. बिष्णोई यांनी त्याचे नेतृत्व केले होते. या विमानांवर क्षेपणास्त्रे नव्हती, ५७ मिलिमीटरची रॉकेटे होती. सोळा रॉकेटांचे दोन डबे, म्हणजे प्रत्येक विमानावर बत्तीस रॉकेटे. जवळपास प्रत्येक संचात पंखाखाली लावायला के-१३ ही हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रे दिलेली असतात आणि ती दिसायलाही ऐटबाज असतात. ती लावली की मात्र ढाक्यावरचे ते विमान राहत नाही. उलट, त्याच्या दोनच दिवस आधी, १२ डिसेंबरला, पश्चिम आघाडीवर एफएलने पाकिस्तानचे एफ-१०४ स्टारफायटर पाडले ते तोफेने. ते विमान करायचे तर पोटाखाली जीपी-९ हवा. एकाच युद्धातील, एकाच जातीच्या दोन विमानांत अठ्ठेचाळीस तासांच्या अंतरात एवढा फरक पडतो.

जोडणीचा क्रम

संचातील भाग प्लास्टिकच्या चौकटीला, म्हणजे स्प्रूला, लगडलेले असतात. ते ओरबाडून काढू नयेत. चपट्या पात्याच्या कटरने थोडे अंतर राखून कापावे आणि उरलेला कोंब धारदार सुरी व बारीक कानसेने सपाट करावा. साच्यातून सुटावेत म्हणून भागांवर तेलकट थर राहिलेला असतो. कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण यांनी तो धुऊन टाकला नाही तर पुढे रंग पापुद्र्यासारखा निघतो.

काम आतून बाहेर जाते. प्रथम कॉकपिट. सोव्हिएत विमानांच्या कॉकपिटचा निळसर हिरवा रंग हे त्यांचे व्यवच्छेदक लक्षण आहे. पाश्चात्त्य विमाने करणाऱ्याच्या हाताला तो सुरुवातीला भडक वाटतो, पण तो तसाच असतो. आसनाचे पट्टे संचात बहुधा साच्यातच उमटवलेले असतात किंवा नसतातच. ते पितळी पत्र्यावर रासायनिक कोरणीने केलेल्या तयार भागांतून घेता येतात किंवा रंगवलेल्या चिकटपट्टीच्या अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्यांतून घरीही करता येतात. काचेचे आवरण बंद ठेवायचे असेल तर यातले फारसे काही दिसत नाही. तेव्हा तेथे महिनाभर खर्च करणे हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न आहे.

यानंतर नाक. मिगच्या तोंडातला शंकू हा केवळ अलंकार नाही. स्वनातीत वेगात तो हवेतील धक्कालहरी योग्य जागी राखतो, शिवाय त्याच्या पोटात रडार असते. रडारच्या लहरी आरपार जाव्यात म्हणून तो धातूचा नसतो. म्हणून विमान चांदीसारखे चकाकत असले तरी शंकू रंगीतच राहतो. शरीराचे दोन अर्ध जोडण्यापूर्वी शंकू, कॉकपिट, पुढच्या चाकाची खाच आणि मागचा इंजिनाचा नळकांडा ही चारही अंगे बसवून पाहावी लागतात. त्यांतला एखादा भाग केसभर मोठा राहिला तरी दोन अर्धांमध्ये फट पडते आणि तिचा दोष बाहेरच्या साच्याला दिला जातो.

येथेच आणखी एक गोष्ट विसरली जाते, ती म्हणजे वजन. प्लास्टिकच्या विमानाचा भार मागे पडतो आणि तिन्ही चाकांवर उभे राहण्याऐवजी ते शेपटीवर बसते. शंकूच्या पोकळीत आणि कॉकपिटमागे शिशाचे तुकडे भरणे हा त्यावरचा उपाय. गळाला लावायची शिशाची वजने यासाठी चालतात. मात्र ती फेविकॉलसारख्या पांढऱ्या डिंकात बसवू नयेत. कोंडलेल्या जागेत शिसे गंजते, त्याची पांढरी भुकटी फुगत जाते आणि काही वर्षांनी विमानाचे नाक आतून उकलते. दोन भागांचा इपॉक्सी या कामाला योग्य. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

प्लास्टिकसाठीचे पातळ सिमेंट हा अर्थाने डिंक नव्हेच. ते दोन्ही कडांचे प्लास्टिक विरघळवते आणि त्या कडा एकमेकींत मिसळून घट्ट होतात. म्हणून सांध्यावर किंचित दाब देऊन वितळलेल्या प्लास्टिकची बारीक रेघ बाहेर येऊ द्यावी आणि किमान एक दिवस हात लावू नये. घाईने घासलेला सांधा नंतर आकसतो आणि रंगाखालून खळगा दिसू लागतो. उरलेल्या फटीत पुट्टी भरून पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासावे, आधी ४०० क्रमांकाचा, मग ६००, मग १००० आणि वर. ओल्या घासण्याने धूळ उडत नाही. रेझिनचे भाग घासताना तर मुखपट्टी हवीच. सिमेंट आणि रंग यांचे काम खिडकी उघडी ठेवून करावे, हे सांगायला नको.

पंख जोडताना विमानाकडे समोरून पाहावे. मिगचा त्रिकोणी पंख सपाट नसून टोकांकडे दोन अंशांनी खाली झुकलेला आहे. हा झुकाव डोळ्यांना सहज जाणवत नाही. पण तो चुकला, किंवा दोन्ही बाजूंना वेगळा झाला, की सारे विमान वाकडे वाटते आणि कारण सापडत नाही. पुठ्ठ्याचा एक साचा कापून त्यावर पंख टेकवून सुकू देणे हा खात्रीचा मार्ग. चाकांच्या बाबतीतही मिगची रचना आगळी आहे. पाय पंखात दुमडतो, पण चाक मात्र वळून शरीरात उभे जाऊन बसते. म्हणून पंखाच्या मुळाशी शरीराला फुगवटा आहे. या फुगवट्यावरचे रेखीव काम सांधा घासताना पुसले जाण्याचा धोका असतो.

मग बारकावे येतात आणि येथे प्रमाणाचा हिशेब पुन्हा उपयोगी पडतो. चाकाच्या झाकणाची प्लास्टिकची जाडी एक मिलिमीटर असेल तर ती खऱ्या विमानात ७२ मिलिमीटर होते, म्हणजे किल्ल्याचा दरवाजाच. तिच्या कडा आतून तासून पातळ कराव्या लागतात. संचातील पिटो नळी हमखास जाड असते. तिच्या जागी इंजेक्शनच्या दोन वेगवेगळ्या जाडीच्या सुयांचे तुकडे एकात एक घातले की ती नळी सरळ, बारीक आणि न मोडणारी होते. सुईचे टोक मात्र आधी कापून टाकावे. पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषांबाबत जाणकारांत दोन तट आहेत. संचात कोरलेली रेष ०.२ मिलिमीटर रुंद धरली तरी ती प्रत्यक्षात चौदा मिलिमीटरची फट होईल. अशा फटींचे विमान धावपट्टीवरूनही उठणार नाही. तरीही रेषा पूर्ण बुजवल्या तर प्रतिकृती साबणाच्या वडीसारखी दिसते. त्या राखाव्यात, परंतु काळ्या शाईने ठळक करू नयेत. लगतच्या रंगाहून थोडी गडद छटा भरावी. बाजारात मिळणाऱ्या अनेक देखण्या प्रतिकृतींत या रेषा इतक्या ठसठशीत असतात की विमानाऐवजी फरशीची आठवण व्हावी.

धातू, हिरवा रंग आणि पावसाळा

एफएल हे मुळात उघड्या धातूच्या झळाळीचे विमान. ही झळाळी प्रतिकृतीत उतरवणे सर्वांत कठीण, कारण धातूचा रंग काहीही लपवत नाही. इतर रंगांखाली खपून जाणारा ओरखडा येथे रस्त्यावरच्या चरासारखा उठून दिसतो. पृष्ठभाग २००० क्रमांकाच्या कागदापर्यंत घासून, त्यावर चकचकीत काळा थर देऊन, तो पुरता वाळल्यावर एअरब्रशने धातूच्या लॅकरचे विरळ थर चढवावेत. खालचा काळा रंग जितका आरशासारखा, तितका वरचा धातू खरा. सगळे विमान एकाच चांदीत बुडवू नये. पत्र्यांची धातुमिश्रणे वेगळी, जाडी वेगळी, म्हणून त्यांची चमकही वेगळी. शेपटीकडचा इंजिनाभोवतीचा भाग उष्णतेने काळवंडतो, त्यावर पिवळसर-निळसर झाक येते. तेथे जळक्या रंगाची छटा अगदी हलक्या हाताने द्यावी.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत लॅकर हा पावसाळ्याचा खेळ नव्हे. त्यातील द्रावक झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतील ओल जमते आणि रंग पांढुरका पडतो. वातानुकूलित खोली, सावकाश वाळणारे थिनर आणि कॉम्प्रेसरच्या नळीवर पाणी अडवणारा सापळा यांनी काही प्रमाणात निभावते. नाहीतर ऑक्टोबरची वाट पाहणे उत्तम.

१९७१ च्या युद्धात या झळाळत्या विमानांपैकी अनेकांना घाईघाईने हिरवे रंग फासण्यात आले. हे काम कारखान्यात न होता तळांवर झाले. त्यामुळे कुठे रुंद पट्टे, कुठे वाघासारखे पट्टे, कुठे खालून धातू डोकावतो आहे, अशी तऱ्हा. दोन विमाने सहसा एकसारखी नसत. अशा वेळी प्रतिकृतीकारासमोर चमत्कारिक काम येते. इतके कष्ट घेऊन साधलेल्या धातूवर त्याला ब्रशने, ओबडधोबड दिसेल असा, परंतु छायाचित्राशी पट्टा न् पट्टा जुळेल असा हिरवा रंग द्यावा लागतो. एअरब्रशची मऊ, धुरकट कड येथे चूक ठरेल. ब्रशच्या पट्ट्याची कड करकरीत असते. यासाठी डबीतला रंग जसाच्या तसा वापरू नये. लहान वस्तूवर कोणताही रंग मोठ्या वस्तूपेक्षा गडद भासतो. त्यात थोडा करडा किंवा फिका रंग मिसळला की विमान योग्य अंतरावर उभे असल्यासारखे वाटते.

खुणा आणि क्रमांक यांचे डिकॅल पाण्यात भिजवून लावायचे असतात. त्यापूर्वी विमानावर चकचकीत पारदर्शक थर हवा. खरखरीत पृष्ठभागावर डिकॅलखाली हवा अडकते आणि पारदर्शक पापुद्रा चांदीसारखा चमकू लागतो. ही चमक नंतर सहजासहजी जात नाही. डिकॅल मऊ करणारे द्रावण लावले की तो रेषांत आणि खिळ्यांत रंगासारखा मुरतो. त्या वेळी त्यावर सुरकुत्या पडतात, पण बोट लावू नये, वाळताना त्या आपोआप ताणल्या जातात. भारतीय हवाई दलाचे वर्तुळ बाहेरून केशरी, मग पांढरे आणि मध्यभागी हिरवे असते. परदेशी छापील डिकॅलमध्ये हा केशरी कधी लाल, तर कधी नारिंगी उतरतो. क्रमांकाच्या अक्षरांचे वळण छायाचित्राशी ताडून पाहावे. ते चुकले तर ओळखणाऱ्याच्या नजरेत इतर सारे फुकट जाते.

अखेरचा मंद थर दिल्यावर वापराच्या खुणा कराव्यात आणि त्यांतही आवर हवा. पोटाखाली तेलाचे ओघळ, चाकांवर धूळ, वैमानिक चढतो तेथे घासलेला रंग, उन्हाने विटलेली पाठ एवढे पुरे. हवाई दलाची विमाने रोज पुसली जातात, ती भंगारात पडलेली नसतात. टायर तळाशी किंचित घासून चपटे केले की विमानाला टनांचे वजन असल्याचा भास होतो.

सर्वांत नाजूक भाग शेवटी लावावेत. पिटो नळी, शेपटीवरची ॲन्टेना आणि उघडे आवरण. काचेला सुपरग्लू वर्ज्य, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. येथे मात्र फेविकॉलसारखा पांढरा डिंकच हवा, तो वाळला की पारदर्शक होतो. तयार विमान थेट उन्हात ठेवल्यास डिकॅल पिवळे पडतात आणि उघड्या फळीवर ठेवल्यास धूळ पुसतानाच पिटो मोडते. काचेची किंवा ॲक्रिलिकची पेटी यासाठी करून घेतात. पेटीच्या तळाला विमानाचा क्रमांक, स्क्वॉड्रन, तळ आणि वर्ष लिहिलेली पट्टी लावण्याची पद्धत आहे. डाव्या बाजूचे छायाचित्र मिळाले नसेल आणि तिकडचे पट्टे अंदाजाने दिले असतील, तर काटेकोर प्रतिकृतीकार तेही त्याच पट्टीवर नोंदवून ठेवतात.